उंचावलेला हात आणि वेगाचा हिशेब

ब्रिटिश पार्लमेंटने १८६५ साली रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी जो कायदा केला, त्याची आठवण आज बहुधा थट्टेच्या सुरातच काढली जाते. इंजिनाच्या पुढे साठ यार्डांवर तांबडे निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे, मोकळ्या मुलुखात ताशी चार मैलांहून आणि वस्तीत दोन मैलांहून अधिक वेग असता कामा नये, ही त्यातील बंधने आज शाळकरी मुलांनाही हसू आणतील. रेल्वे कंपन्या आणि घोडागाड्यांचे मालक यांनी आपला धंदा सांभाळण्यासाठी प्रगतीच्या पायात ठोकलेली ही बेडी होती, असे सांगण्याचा प्रघात आहे. त्यात तथ्य नाही असेही नव्हे. तथापि त्या कायद्याचे तिसरे कलम सबंध वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. निशाणधाऱ्याचे काम केवळ मिरवत पुढे चालण्याचे नव्हते. समोरून येणाऱ्या घोडेस्वारांना आणि गाडीवानांना इंजिनाची वर्दी देणे, जरूर पडल्यास इंजिन थांबविण्याची खूण करणे आणि बुजलेल्या जनावरांना बाजूने पार होण्यास मदत करणे हे त्याचे कर्तव्य होते. इंजिनाची शिट्टी कोणत्याही कारणास्तव वाजवावयाची नाही, घोडा दृष्टीच्या टप्प्यात असताना वाफ सोडावयाची नाही, आणि घोडा बाळगणाऱ्या कोणाही मनुष्याने हात वर केला की इंजिन तत्क्षणी उभे करावयाचे, असे ते कलम सांगत होते.

हास्यास्पद वेगमर्यादेचा भाग वगळला तर या कलमात एक सरळ न्याय आहे. रस्ता पूर्वीपासून माणसांचा आणि जनावरांचा होता. नवा धोका घेऊन आले ते यंत्र. तेव्हा सावधगिरीचा भार यंत्राने उचलावा, घोड्याने नव्हे. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांचा रस्त्याचा इतिहास म्हणजे हा भार यंत्राच्या खांद्यावरून हळूहळू घोड्याच्या पाठीवर कसा सरकत गेला याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ब्रिटनमधील घोडेस्वारांची आजची अवस्था पाहिली म्हणजे याची साक्ष पटते.

१८९६ मध्ये हलक्या मोटारींना पुढे चालणाऱ्या मनुष्याच्या बंधनातून मुक्तता मिळाली आणि ताशी चौदा मैलांपर्यंतचा वेग कायदेशीर झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी मानला जातो. १९०३ च्या कायद्याने मर्यादा वीस मैलांवर नेली, मोटारींना क्रमांकाच्या पाट्या आणि चालकांना परवाने आले, आणि बेदरकारपणे वाहन हाकणे हा गुन्हा ठरला. १९३० मध्ये तर साध्या मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकण्यात आली. कोणी ती पाळत नाही, मग ठेवावी कशाला, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. (या न्यायाने दंडविधानातील बरीच कलमे रद्द करता येतील.) तेवीस लाखांच्या आसपास वाहने असलेल्या त्या देशात त्या सुमारास वर्षाला सात हजारांवर माणसे रस्त्यावर मरत होती. १९३४ साली हा आकडा ७,३४३ झाला आणि त्याच वर्षी वस्तीच्या भागात तीस मैलांची मर्यादा पुन्हा आणण्याचा कायदा करावा लागला. पुढे रस्ते सुधारले, मोटारी सुधारल्या, चालकाची परीक्षा सक्तीची झाली, मद्यपी चालकांवर जरब बसली. वाहने चार कोटींच्या घरात गेली असतानाही २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यावरील मृत्यूंची संख्या १,६२४ इतकी होती. जगातील अधिक सुरक्षित रस्ते असलेल्या देशांत ब्रिटनची गणना होते ती उगाच नव्हे, आणि हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मग घोडेस्वाराची तक्रार कोणती? ती समजून घेण्यासाठी तेथील खेड्यांतील रस्ते डोळ्यांपुढे आणावे लागतील. शेतीतून आणि वाहतुकीतून घोडा हद्दपार झाला, परंतु सवारीसाठी तो टिकून राहिला. लहान गावांतून रायडिंग स्कूल आहेत, शेताच्या एका कोपऱ्यात एखादे तट्टू बाळगणारी कुटुंबे आहेत, आणि स्वारांमध्ये स्त्रियांचे व मुलींचे प्रमाण फार मोठे आहे. या सर्वांनी जावे कोठून? इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटांचे जाळे प्रसिद्ध आहे. पण त्यांपैकी घोडा नेण्याची मुभा असलेल्या वाटा जेमतेम २२ टक्के. त्याही तुटक आहेत. एक घोडेवाट जेथे संपते तेथून दुसरी सुरू होईपर्यंत मैल दोन मैल डांबरी रस्त्याने जाण्यावाचून गत्यंतर नसते. आणि हा डांबरी रस्ता म्हणजे पुष्कळदा आपल्याकडील पाणंदीसारखा असतो: दोन्ही बाजूंस उंच बांध, त्यावर दाट कुंपण, एका वेळी एकच मोटार कशीबशी जाईल एवढी रुंदी, आणि पन्नास पावलांवर वळण. डेव्हन परगण्यात तर असे रस्ते शेतांच्या पातळीहून खाली, खंदकासारखे गेलेले दिसतात. या रस्त्यांपैकी अनेकांवर वेगळी पाटी नसल्यामुळे ताशी साठ मैलांची, म्हणजे जवळजवळ शहाण्णव किलोमीटरची, सर्वसाधारण मर्यादा लागू होते. मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे हे चालकाला शिकविलेले असते, परंतु पाटीवरील आकडा हा आपला हक्क आहे असे मानण्याकडे मनुष्याचा कल असतो.

ताशी साठ मैलांनी जाणारी मोटार एका सेकंदात सत्तावीस मीटर अंतर कापते. तेथील वाहतूक संहितेतील कोष्टकाप्रमाणे त्या वेगातील मोटार थांबण्यास ७३ मीटर लागतात. वीस मैलांच्या वेगाने जाणारी १२ मीटरांत थांबते. वळणापुढे चाळीस मीटर दिसत असताना साठच्या वेगाने शिरणारा चालक वस्तुतः पलीकडे काही नसेल अशी पैज लावत असतो. पैज तो लावतो. हरल्यास भरपाई बहुधा दुसऱ्याला करावी लागते.

त्या दुसऱ्याच्या स्वभावाचाही विचार केला पाहिजे. घोडा हा भक्ष्यकुळातील प्राणी आहे. हजारो पिढ्या तो जगला तो आधी पळाला आणि मागाहून विचार केला म्हणून. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते, मात्र नेमके पाठीमागचे आणि नाकासमोरचे थोडे क्षेत्र त्याच्या दृष्टीआड राहते. म्हणजे मागून येणारी मोटार त्याला प्रथम ऐकू येते आणि मग एकाएकी डोळ्याच्या कडेला प्रकट होते. ट्रकच्या हवेच्या ब्रेकचा फुत्कार, रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट, कर्णा, कुंपणात अडकून फडफडणारा प्लॅस्टिकचा तुकडा, यांपैकी कशानेही तो क्षणार्धात चार-सहा फूट बाजूला उडी घेऊ शकतो. पाचशे किलो वजनाच्या जनावराला लगामाने रोखण्याचे सामर्थ्य कोणाही स्वाराच्या मनगटात नसते. स्वार त्याला रोखतो तो सवयीने आणि विश्वासाने. एकदा मोटार अंगाला चाटून गेली की हा विश्वास मोडतो आणि काही घोडे पुन्हा रस्त्यावर निर्धास्तपणे चालत नाहीत. दुचाकीस्वाराला घासून गेलेली मोटार पुढे निघून गेली म्हणजे धोका टळतो. घोड्याच्या बाबतीत मोटार निघून गेल्यावरच कित्येकदा अपघात सुरू होतो, आणि तो घडवून आणणारा चालक तोपर्यंत वळणाआड गेलेला असतो. आपण काही केले असे त्याच्या गावीही नसते.

येथे सरकारी आकडेवारीचा प्रश्न उपस्थित होतो. ब्रिटनमध्ये पोलीस ज्या अपघातांची पद्धतशीर नोंद करतात ते मनुष्यास इजा झालेले अपघात होत. घोडा जबर जखमी झाला, त्यास जागीच मारावे लागले, पण स्वार सुदैवाने वाचला, तर राष्ट्रीय अपघात-कोष्टकात त्या घटनेला स्थान नाही. हा खड्डा भरून काढण्यासाठी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हॉर्स सोसायटीने २०१० पासून स्वतंत्र नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तिच्याकडे रस्त्यावरील तीन हजारांहून अधिक घटना कळविण्यात आल्या आणि प्रत्येक वर्षी साठाहून अधिक घोडे दगावले. बहुतेक घटनांत कारण एकच: वाहन फार जवळून किंवा फार वेगाने गेले. स्वखुशीने कळविलेल्या नोंदींचे आकडे नेहमीच अपुरे असतात, तेव्हा प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट या अरण्यात तर शेतकऱ्यांची तट्टे मोकळी हिंडतात. कुंपण नसलेल्या अनेक रस्त्यांवर चाळीस मैलांची मर्यादा आणि ठळक पाट्या असूनही तेथे दरवर्षी कितीतरी जनावरे मोटारींखाली मरतात, विशेषतः अंधार पडल्यानंतर.

जे मोजले जात नाही त्याची किंमत शून्य धरली जाते, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव आहे. लंडन ते बर्मिंगहॅम या महामार्गाचा १९६० साली जो लाभ-व्ययाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून प्रवाशांची वाचलेली मिनिटे पौंड-पेन्समध्ये मांडून रस्त्यांच्या योजना समर्थनीय ठरविण्याची पद्धत रूढ झाली. मिनिटे वाचली की जमेच्या बाजूला रक्कम पडते. रस्ता वेगवान झाल्यामुळे ज्या आईने आपल्या मुलीचे तट्टू विकून टाकले, ज्या वृद्धाने सकाळची फेरी सोडली, त्यांची नोंद खर्चाच्या बाजूला कोठेच होत नाही. उलट त्या रस्त्यावर घोड्यांचे अपघात कमी झाले असे दिसते, कारण घोडेच उरलेले नसतात. रस्ता सुरक्षित झाला असा निष्कर्ष काढण्यास अधिकारी मोकळे!

केंब्रिजचे पिगू यांनी १९२० मध्ये कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात, एकाच्या व्यवहाराची झळ व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्याला लागते याची जी उदाहरणे दिली, त्यांत रस्त्यांचा पृष्ठभाग झिजविणाऱ्या मोटारींचाही उल्लेख आहे. त्यावर १९६० साली रोनाल्ड कोस यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. झळ ही नेहमी दुहेरी असते, असे त्यांचे म्हणणे. मोटार घोड्याला धोका देते हे खरे, पण घोडा मोटारीला अडवितो हेही खरे. एकाचे नुकसान टाळावयाचे तर दुसऱ्याचे होते. तेव्हा दोषी कोण हे न विचारता कोणते नुकसान मोठे हे पाहावे. मोटारचालकांच्या संघटनांना हा युक्तिवाद मोठा सोयीचा वाटावा. परंतु तो शेवटपर्यंत नेला तर काय होते? पुढे १९७० मध्ये गिडो कॅलाब्रेझी यांनी अपघातांच्या खर्चावरील ग्रंथात याच प्रश्नाला व्यवहारी रूप दिले: अपघात टाळण्याचा खर्च ज्याला सर्वांत कमी पडतो, त्याच्यावर तो टाळण्याची जबाबदारी टाकावी.

आता हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहावा. चालकाला घोडा दिसला आणि त्याने दोनशे मीटरचे अंतर साठऐवजी दहा मैलांच्या वेगाने पार केले, असे धरू. साठच्या वेगाने या अंतराला साडेसात सेकंद लागले असते, दहाच्या वेगाने पंचेचाळीस लागतील. नुकसान सदतीस सेकंदांचे; वेग कमी करण्यात आणि पुन्हा घेण्यात जाणारा वेळ धरला तरी मिनिटभराचे. रस्ता अरुंद असून घोड्यामागे थांबून राहावे लागले तर दोन-तीन मिनिटे. दर आठवड्याला एकदा असा प्रसंग आला तरी वर्षाकाठी तास-दोन तासांचा हा खर्च झाला. याउलट स्वाराने धोका टाळावयाचा म्हटले तर त्याच्यापुढे मार्ग एकच, रस्त्यावर न येणे. मोटारीचा वेग दहाऐवजी साठ असेल तर तिच्यातील आघाताची शक्ती सहापट नव्हे, छत्तीसपट असते. ही छत्तीसपट शक्ती कमी करण्याची कळ एकाच पक्षाच्या पायाखाली आहे. कोस यांचा तराजू वापरला तरी पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास नको.

याला दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, रस्त्याचा कर मोटारवाले भरतात, घोडेवाले नव्हे. ब्रिटनमध्ये एकेकाळी मोटारींवरील कराचा पैसा रस्ते-निधीत वेगळा ठेवला जात असे. पण १९२६ च्या अर्थसंकल्पात विन्स्टन चर्चिल यांनी त्या निधीत हात घातला आणि पुढच्या दशकात कर व रस्ते यांचा तो थेट संबंध संपुष्टात आला. आज ज्या ग्रामीण रस्त्यांविषयी बोलणे चालले आहे त्यांची देखभाल स्थानिक कौन्सिले करतात, आणि त्यांच्या तिजोरीत घोडेस्वारही इतरांप्रमाणेच भर घालीत असतो. शिवाय, कर भरल्याने दुसऱ्याच्या जिवावर हक्क मिळतो असे मानले तर जास्त कर भरणाऱ्या ट्रकने मोटारीला चिरडण्यास हरकत नसावी. दुसरा आक्षेप असा की, घोडा हा सुखवस्तूंचा शौक आहे. कामावर निघालेल्या माणसाने त्यासाठी का थांबावे? या आक्षेपात वर्गीय रागाचा अंश आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. परंतु रविवारी दुपारी त्या पाणंदीतून सुसाट जाणारी महागडी मोटार गिरणीच्या पाळीला निघालेली नसते. रस्त्यावर प्रत्येकाच्या प्रयोजनाची चौकशी करून मग त्याच्या जिवाची किंमत ठरवावयाची, ही प्रथा सुरू झाली तर ती कोठे जाऊन थांबेल?

एव्हाना सावधगिरीचा भार कोणाकडे सरकला आहे हे स्वाराच्या अंगावरील पोशाखावरूनच दिसते. चौदा वर्षांखालील मुलांनी रस्त्यावर घोड्यावर बसताना शिरस्त्राण घातलेच पाहिजे असा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो योग्यच झाला. त्यानंतर भडक पिवळी जाकिटे आली, घोड्याच्या पायांना चमकत्या पट्ट्या आल्या, शेपटाजवळ दिवे आले, आणि आता टोपीवर कॅमेरा आला. जवळून गेलेल्या मोटारीचे चित्रण पोलिसांकडे धाडण्याची सोय वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ या नावाने सुरू झाली आणि पुढे इतरत्रही पसरली. ही सोय उपयुक्त आहे. पण पुराव्याचा खर्चही ज्याच्यावर संकट येते त्यानेच सोसावयाचा, हे तिचे दुसरे अंग आहे. इकडे मोटारीच्या आतील मनुष्य मात्र पट्टे, हवेच्या उशा आणि पोलादी पिंजरा यांमुळे अधिकाधिक निर्धास्त झाला. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले की, मोटार सुरक्षित झाली की चालक अधिक धाडसाने हाकू लागतो आणि आतल्यांचे वाचलेले प्राण काही अंशी बाहेरच्यांच्या प्राणांनी भरून निघतात. त्यांच्या आकडेमोडीवर पुष्कळ वाद झाले आणि परिणाम त्यांनी सांगितला तेवढा मोठा नसावा असे अनेकांचे मत आहे. तरीसुद्धा काचा बंद करून, संगीत लावून, गारेगार हवेत बसलेल्या मनुष्याला बाहेरच्या जनावराचे कान टवकारलेले दिसत नाहीत, एवढे मान्य करण्यास संख्याशास्त्राची गरज नसावी.

२९ जानेवारी २०२२ रोजी ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जे बदल अंमलात आले त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. १९३१ मध्ये एक पेनी किमतीला निघालेली ही पुस्तिका तेथील प्रत्येक शिकाऊ चालकाला पाठ करावी लागते. तिच्यात प्रथमच असे तत्त्व नमूद झाले की, ज्याच्या हातून अधिक मोठी इजा होऊ शकते त्याच्यावर इतरांचा धोका कमी करण्याची जबाबदारी अधिक. पादचारी सर्वांत आधी, मग सायकलस्वार, घोडेस्वार व मोटारसायकलवाले, आणि ज्याचे वाहन जड त्याचा क्रम खाली. घोड्याजवळून जाताना वेग दहा मैलांच्या, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरच्या, आत असावा आणि मध्ये किमान दोन मीटर अंतर सोडावे, हे आकडेही तिच्यात आले. पूर्वी ‘हळू जा, भरपूर जागा द्या’ एवढाच मोघम उपदेश होता, आणि भरपूर म्हणजे किती हे ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. अननुभवी स्वाराला किंवा अल्लड घोड्याला सांभाळून नेताना दोन घोडे शेजारी शेजारी चालू शकतात, हेही चालकांना बजावण्यात आले. कर्णा वाजवू नये, इंजिनाचा आवाज वाढवू नये, घोडा पळपुट्या वृत्तीचे जनावर आहे हे ध्यानात ठेवावे, आणि स्वाराने हळू जाण्याची वा थांबण्याची विनंती केली तर ती मानावी. १८६५ च्या कलमातील शिट्टीबंदी आणि उंचावलेला हात येथे पुन्हा भेटतात, परंतु विनंती म्हणून.

दोन मीटरच्या नियमातील खरी मेख अरुंद रस्त्यावर कळते. जेथे रस्त्याचीच रुंदी तीन मीटर आहे तेथे घोड्याला दोन मीटर सोडून पुढे जाणे अशक्य आहे. म्हणजे नियमाचा अर्थ ‘अंतर ठेवून जा’ असा नसून ‘जागा मिळेपर्यंत मागे थांब’ असा होतो. थांबणे हेच आजच्या चालकाला सर्वांत जड जाते, आणि संहितेत या आकड्यांना ‘करावे’ असे म्हटले आहे, ‘केलेच पाहिजे’ असे नव्हे. दहा मैलांचा नियम मोडला म्हणून तेवढ्याच कारणाने खटला होत नाही. निष्काळजीपणाचा वा धोकादायक चालनाचा खटला झाल्यास तेथे तो पुरावा म्हणून मांडता येतो, एवढेच. आणि धोकादायक चालनाची तेथील व्याख्या पाहण्यासारखी आहे: धोका म्हणजे मनुष्यास इजा होण्याचा किंवा मालमत्तेचे गंभीर नुकसान होण्याचा. घोडा मनुष्य नव्हे. तेव्हा तो मालमत्तेत मोडतो. मोटारीचा चेपलेला पत्रा आणि पाय मोडून रस्त्यात तडफडणारे जनावर कायद्याच्या एकाच कप्प्यात पडतात. धोकादायक चालनाने मनुष्याचा मृत्यू घडविणाऱ्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा देण्याची तरतूद २०२२ च्या जूनपासून लागू झाली, हे खरे. पण मृत्यूनंतरची कठोरता आणि मृत्यूपूर्वीची मुभा यांतील अंतर इतके मोठे ठेवले की बहुसंख्य चालक ‘माझ्या हातून तसे कधी होणार नाही’ या समजुतीवर निश्चिंत राहतात. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ती होण्याची खात्री माणसाला अधिक आवरते, हे बेकारियाने अठराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. निर्जन पाणंदीत अशी खात्री निर्माण करण्याचा एकच ज्ञात उपाय म्हणजे त्या रस्त्यांची साठ मैलांची मर्यादाच खाली आणणे आणि तुटक घोडेवाटा एकमेकींस जोडणे. पहिल्याला पाट्यांपुरता खर्च येतो, दुसऱ्याला जमीन लागते. दोन्हींची गती मंद आहे.

हा सारा विषय महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे घोडा उरला तो लग्नाच्या वरातीत, शर्यतीच्या मैदानावर आणि माथेरानला, जेथे दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. पण मोटारीमुळे जनावर बुजते ही गोष्ट इंग्रजांनी येथील कायद्यात लिहून ठेवली आणि स्वातंत्र्यानंतरही ती कायम राहिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३२ काढून पाहावे. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला ते मोटारीला बिचकून अनावर होईल अशी भीती वाटली आणि त्याने थांबण्यास सांगितले, तर मोटारचालकाने वाहन उभे केले पाहिजे आणि जरूर तेवढा वेळ उभेच ठेवले पाहिजे. ब्रिटनच्या संहितेत जी आज विनंती आहे ती येथे सक्ती आहे! आणि जनावर म्हणजे केवळ घोडा नव्हे. गाईबैल, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी व शेळी हे सर्व त्या कलमात नावानिशी आले आहेत. मेंढरे घेऊन कोकणात उतरणारा धनगर, उसाची गाडी हाकणारा गाडीवान आणि गाढवांवर विटा वाहणारा कुंभार यांच्या हातात कायद्याने तांबडे निशाण दिलेले आहे. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्या देशात हे कलम अस्तित्वात आहे.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात उसाने लादलेल्या टायरगाड्यांची रांग कारखान्याकडे निघते. गाडीवान पुष्कळदा बीडकडून आलेला ऊसतोडणी कामगार असतो, वर उसाच्या भाऱ्यावर त्याची बायको आणि झोपलेली मुले असतात. ट्रक मागून येतो, कर्णा दाबून धरतो, प्रखर दिवे टाकतो. बैल बुजतात, गाडी चढावर मागे सरकते. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी मागणी होते ती गाड्यांना रेडियमच्या पट्ट्या लावण्याची. पट्ट्या लावाव्यातच, कारखान्यांनी त्या फुकट वाटाव्यात. मात्र ट्रकने तेथे किती वेगाने जावे आणि गाडीपासून किती अंतर सोडावे याचा आकडा ब्रिटिश संहितेप्रमाणे येथेही छापला गेला, हंगामापुरती कारखान्यांच्या दोन्ही अंगांच्या रस्त्यांवर वेगमर्यादेची पाटी लागली आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास पहाटे चार वाजता एक शिपाई उभा राहिला, तर चालकाचे नुकसान कितीचे होईल, हाही हिशेब एकदा मांडण्यास हरकत नाही. अपघातानंतर न थांबणाऱ्याला कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. जनावरासाठी न थांबणाऱ्याला तशी नाही. त्याला सर्वसाधारण कलमाखाली पहिल्या वेळेस पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही व्हावयाचा तर गाडीवानाने हात वर केला पाहिजे, आणि चढावर बिथरलेल्या बैलांचा कासरा त्या वेळी त्याच्या दोन्ही हातांत असतो.